हळदीची सीडी

टीव्हीवर रेघा दिसल्या की निकेशच्या अंगात इलेक्ट्रिशियन संचारायचा. धाटावच्या एका कंपनीत तो पॅकिंगला होता आणि विजेशी त्याचा संबंध बिल भरण्यापुरता. पण घरात काही बिघडलं की आधी निकेश, मग देव आणि सगळ्यात शेवटी दुरुस्तीवाला, हा रोह्याजवळच्या वरशातल्या त्या घराचा क्रम ठरलेला होता. त्या रविवारी त्यानं माळ्यावरून काढलेला जुना डीव्हीडी प्लेअर आधी फडक्यानं पुसला, मग त्यात फुंकर मारली, मग उताणा करून दोन चापट्या दिल्या आणि पुन्हा लावला. रेघा होत्या तशाच.

चित्र येत होतं, नाही असं नाही. पण जाडजाड पट्टे खालून वर सरकत होते, माणसं पाण्यात उभी असल्यासारखी डुलत होती, आणि आवाजाच्या जागी नुसती घूं लागली होती. निकेश-नम्रताच्या लग्नाची सीडी होती ती, भाग दोन. बावीस वर्षांपूर्वीचा मुंडावळ्या बांधलेला निकेश पट्ट्यांमागून दिसायचा आणि पुन्हा गुडुप व्हायचा.

“सीडीच सडलीय,” आजचा निकेश म्हणाला. “जरा टूथपेस्ट लावून चोळतो. कंपनीत एकानं सांगितलंय.”

“बावीस वर्षांत नवरा पन सडला माझा. त्याला चोळली का मी टूथपेस्ट?” नम्रतानं सीडी त्याच्या हातातून काढून घेतली. “आन् ती दुसरी सीडी हाय ना, तिला तर हातच लावू नकोस.”

दुसरी सीडी म्हणजे भाग एक. हळदीची. ती नम्रतानं कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती आणि मशीन ठणठणीत झाल्याशिवाय ती आत घालायची नाही, असं घरात जाहीर केलं होतं. सगळा खटाटोप चालला होता तो तिच्यासाठीच. किमयाच्या, म्हणजे नम्रताच्या लेकीच्या लग्नाला महिना राहिला होता. भटजी ठरला होता, हॉल ठरला होता, आणि लेकीची आई मात्र भंगारात घालायच्या लायकीच्या डबड्यापुढे मांडी ठोकून बसली होती. शेजारणी म्हणायच्या, हिला झालंय तरी काय? झालं होतं ते असं.

खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत जी म्हातारी बसली होती, ती नम्रताची आई, हौसा. गडबच्या खाडीकडच्या अंगाला तिचं गाव. तिथं आणि आजूबाजूच्या दहा गावांत आगऱ्यांचं लग्न हौसाशिवाय लागत नसे. ती धवलारीण होती. भटजी नंतर येऊन मंगलाष्टकं म्हणायचा ती म्हणायचा, पण त्याआधी देवांना बोलावणं, पितरांना बोलावणं, हळद लावणं, तेल उतरवणं, हे सगळं धवलारणीच्या गाण्यावर चालायचं. ती गाणी म्हणजे धवले. कोणत्या घरात कोणता देव आधी, कोणता पणजोबा रागीट म्हणून त्याचं नाव गोड करून घ्यायचं, हे सगळं हौसाच्या तोंडी होतं. लिहिलेलं एक अक्षर नव्हतं. लिहून घेतो म्हणणारे पेणहून दोनदा येऊन गेले, त्यांना तिनं चहा पाजून परत पाठवलं. “धवला मांडवात म्हनायचा. मांडवाभाईर तो बोलत नाय,” एवढंच म्हणाली. तिचा नियम होता तो, आणि तिनं तो जन्मभर पाळला.

गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बरोबर बोलणं गेलं. काही विचारलं की ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. थोरला मुलगा हरेश पेणला राहत होता, मातीभरावाची कंत्राटं घेत होता. त्यानं तिला चार महिने ठेवली. मग ‘तिसऱ्या माळ्यावर लिफ्ट नाय, तिला कोंडल्यासारखं होतं’ असं म्हणून वरशाला आणून सोडली. लिफ्ट आधीही नव्हती. पण आईला कोंडल्यासारखं होतं हे कळायला लेकाला चार महिने लागले, त्याला कोण काय करणार!

तिचे कपडे आणायला नम्रता गावच्या घरी गेली तेव्हा पत्र्याच्या पेटीत तळाशी ही सीडी सापडली. हिरव्या लुगड्याच्या फाडलेल्या पदरात गुंडाळलेली, वर नाडीची गाठ. नम्रता तिथंच भुईवर बसली. ही सीडी तिनं कधी पाहिलीच नव्हती. लग्नानंतर सासरी आले ते भाग दोन आणि तीन. हळद माहेरची, म्हणून पहिला भाग माहेरी राहिला. तो मागितला तेव्हा हरेश म्हणाला होता, “ती लागत नाय गो. स्टुडिओवाल्याकडून खराब आली.” आईकडे मशीन नव्हतं. तरी तिनं ती हट्टानं मागून घेतली होती आणि जपून ठेवली होती.

आता त्या सीडीत असं काय होतं ते सांगायला हवं. हळदीच्या धवल्यात एक जागा येते. धवलारीण विचारते, ‘कुनाची लेक गो, कुनाची लेक?’ आणि आपणच उत्तर देते. त्या उत्तरात नवरीच्या बापाचं नाव येतं. सगळ्या मांडवानं ते ऐकायचं असतं. त्या नावानं पोरीला हळद लागते. नम्रताच्या बापाचं नाव कान्हू. मिठागरावर कामाला होता. नम्रता दुसरीत असताना तो उरणच्या बाजूला गेला तो तिकडेच राहिला. दुसरी बाई केली, तिच्यापासून पोरं झाली. हौसानं दोन लेकरं धवल्यांवर आणि शेतातल्या मजुरीवर वाढवली. मग नम्रताची हळद आली. धवलारीण आईच. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि धवलारणीनं बापाचं नाव गाळायचं नाही. त्यात बाप असला पळपुटा. हौसा काय म्हणणार याकडे सगळ्या गावाचे कान होते.

आणि जिची हळद तिलाच ते ऐकू आलं नव्हतं! पाच-सहा बायकांचे हात तिच्या तोंडावरून, कानांवरून फिरत होते. बाहेर बँजोवाल्यांना कुणीतरी चुकीची खूण केली आणि ते नेमके तेव्हाच सुरू झाले. दुसऱ्या दिवशी गावात दोन तट. पुढे बसलेल्या म्हणाल्या, हौसानं घोवाचं नाव घेतलं, शरमेनं घेतलं पण घेतलं. चुलीकडच्या म्हणाल्या, छट, तिनं स्वतःचं नाव घातलं, ‘हौसाची लेक’ म्हणाली. नम्रतानं पाठवणीच्या आधी आईला कोपऱ्यात गाठून विचारलं. आई म्हणाली, “मांडवात बोलली ती बोलली. भाईर नाय बोलनार. ऐकायचं तर कॅसेटीत हाय.”

सासरी नम्रताची ओळख पहिल्या दिवसापासून एकच. “कान्हूची ना तू? तोच का गो तो, उरणला दुसरी ठेवलेला?” चुलतसासू, नणंदा, पाहुणे, सगळ्यांना तो प्रश्न गोड लागायचा. नम्रता खाली मान घालून भाकऱ्या थापायची आणि मनात म्हणायची, नाही, मी हौसाची. मला माझ्या आईनं आपल्या नावानं हळद लावलीय. पण हे खरं की नुसती आपल्या जिवाची समजूत, हे तिला ठाऊक नव्हतं. आता आईचं बोलणं गेलं होतं. उरली होती ती ही चकती. त्यातला आवाज किमयाच्या हळदीला लावायचा, नातीला आजीच्याच धवल्यावर हळद लागू द्यायची, हे नम्रतानं ठरवलं होतं. पण त्याच्याही आधी तिला ते नाव ऐकायचं होतं. आईला शेजारी बसवून, आईच्याच आवाजात.

सोमवारी मशीन पिशवीत घालून ती रिक्षानं रोह्याच्या बाजारात गेली. अब्बासभाईंचं दुकान मच्छी मार्केटकडे जाणाऱ्या गल्लीत होतं. अब्बासभाई पूर्वी कुवेतला टीव्ही दुरुस्त करायचे. आता दुकानात पुतण्या झुबेर मोबाइल दुरुस्त करायचा आणि अब्बासभाई मागच्या टेबलावर बसून, कुणी विचारलं नाही तरी, हल्लीच्या वस्तूंना शिव्या द्यायचे.

“अरे वा, हा अजून जिता हाय?” त्यांनी प्लेअर हातात घेऊन उलटापालटा केला. “ताई, शंभर टक्के लेन्स. धूळ बसली असंल.”

लेन्स पुसली. नम्रतानं आणलेली भाग दोनची सीडी लावली. पट्टे वर सरकायला लागले.

“मंग वायर.” पिवळी वायर बदलली. पट्टे.

“मंग ताई, वाईट वाटून घेऊ नका, पन सीडीच गेली. पेणच्या स्टुडिओवाल्यांनी तवा हलक्यातला माल वापरलाय.”

“कान्यानं काढली खोड नि आंधळा म्हणे डोळा वाकडा,” झुबेर काउंटरवरून म्हणाला. “चच्चा, आपली सीडी लावून बघा ना आधी.”

ही म्हण त्यानं कुठून आणली कोण जाणे, पण अब्बासभाईंना ती झोंबली. त्यांनी खणातून झुबेरच्याच निकाहाची सीडी काढली आणि लावली. पडद्यावर सेहरा बांधलेला झुबेर आला आणि त्याच्याही तोंडावरून पट्टे सरकायला लागले. आवाजाची तीच घूं.

“बघा! सीडी बरी हाय तुमची,” अब्बासभाई असे म्हणाले की जणू दहा मिनिटं ते हेच सांगत होते. “मशीन आजारी.”

सीडी बरी आहे. हरेशदादा उगाच म्हणाला, लागत नाही. त्याचंही मशीन असंच बिघडलेलं असेल तेव्हा, नम्रतानं भावाला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

अब्बासभाईंनी झाकण उघडलं. पॉवर सप्लायच्या पट्टीवर दोन कपॅसिटर तळलेल्या पुरीसारखे वर फुगले होते. “हे बघा. हे विजेची लाट थोपवतात. फुगले का लाट सरळ चित्रात घुसते, तीच तुमची रेघ आन् तीच ती घूं.” त्यांनी दोन नवे लावले, डाग दिला, हात झाडले. पडद्यावर झुबेर स्वच्छ झाला, इतका की त्याच्या कपाळावरचा घाम दिसला.

“आता तुमची ती खास सीडी पन लावून बघा, ताई. परत हेलपाटा नको.”

नम्रताचा हात पिशवीकडे गेला. सीडी तिनं बरोबर आणली होती. पण बाजारातला गोंगाट, गिऱ्हाईकं, त्यात आईचा आवाज? “नको अब्बासभाई. आईसमोरच लावीन,” ती म्हणाली.

घरी येऊन तिनं मशीन जोडलं. भाग दोन लावला. पट्टे नव्हते, पण बारीक बारीक तिरप्या रेघा थरथरत होत्या. नम्रताला रडू आलं. दुपारच्या शिफ्टला निघालेला निकेश दारातून म्हणाला, “मी बोललेलो, सीडी,” आणि पायताण घालून गेला. उंटावरून शेळ्या हाकायला पैसे पडत नाहीत.

किमयानं अब्बासभाईंना फोन लावला. तिकडून एकेक हुकूम आला तसतशी ती करत गेली. टीव्हीमागं पिवळी वायर आणि विजेच्या वायरी एकमेकींत गुरफटल्या होत्या, त्या सोडवून दूर केल्या. फ्रिज त्याच बोर्डावर होता, त्याची पिन काढली. नव्या टीव्हीला जुन्या तीन रंगांच्या पिना बसत नव्हत्या म्हणून मधे एक छोटी डबी जोडली होती. ती इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवलेली निघाली.

“इन्व्हर्टरवर? या अल्ला!” अब्बासभाई फोनवर ओरडले. “तिला लांब करा आधी!”

डबी स्टुलावर ठेवली. रेघा गेल्या. बावीस वर्षांपूर्वीचा मांडव असा लख्ख उघडला की मेलेली माणसं ओळखू यायला लागली. नम्रतानं पिशवीतून हळदीची सीडी काढली. आईची खुर्ची टीव्हीसमोर ओढली, तिचा पडलेला हात मांडीवर नीट ठेवला, पदर सारखा केला.

“मम्मी,” किमया जरा चाचरत म्हणाली, “भाग दोनमध्ये सगळीकडे सिनेमाची गाणी टाकलीत. याच्यात पण तसंच असलं तर?”

“वरातीवर टाकलीत. मंगलाष्टकं ऐकू येतात का नाय? आन् धवल्यावर कोन गाणं टाकील गो? येडी का काय!”

सीडी आत गेली. आधी बदामाच्या आकाराची चौकट, तिच्यात नम्रताचा फोटो, चारी कोपऱ्यांत फिरणारी कमळं. मग मांडव. केळीचे खांब. आणि पाटासमोर बसलेली हौसा, काळेभोर केस, कपाळभर कुंकू. ते कुंकू तिनं कान्हू गेल्यावरही पुसलं नव्हतं. तो मेला नव्हता, नुसता गेला होता. एक हात नवरीच्या डोक्यावर, दुसरा हळदीच्या ताटात.

खुर्चीतल्या हौसानं मान पुढे काढली.

पडद्यावरच्या हौसानं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि त्यातून एका सिनेमातल्या नायिकेचा कोवळा आवाज आला. मेंदी, साजण, बांगड्या, असलं काहीतरी. मागे व्हायोलिनं.

नम्रताला आधी वाटलं, किमयाच्या मोबाइलवर गाणं लागलंय. मग वाटलं, शेजारच्यांचा टीव्ही. मग तिनं बघितलं की हौसाचं तोंड गाण्याला जुळत नाही. नायिका थांबली तरी आईचं तोंड चालूच होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, जुनी गावकरीण शेजारी डोळे पुसत होती, आणि वर व्हायोलिनं वाजत होती.

“आवाजाची वायर उलटी लागली असंल. बघ ना गो, लाल-पांढरी!”

किमयानं वायरी बदलल्या. गाणं तेच. पुन्हा अब्बासभाईंना फोन. ते म्हणाले, रिमोटवर डावा-उजवा आवाज बदलायचं बटण असतं. कधी कधी एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला खरा आवाज ठेवतात. बटण दाबलं. डावीकडे नायिका. उजवीकडे नायिका. नम्रतानं रिमोट हिसकावून ते बटण इतक्या वेळा दाबलं की किमयानं तिचा हात धरला.

“मम्मी, नाय आवाज.”

“मग तोंड बघू. तोंडावरून कळंल.” नम्रता टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. चित्र तर आता आरशासारखं होतं. हौसाच्या लुगड्याचा काठ दिसत होता, दातांतली फट दिसत होती. ती जागा जवळ आली तेव्हा हौसानं नवरीच्या डोक्यावरचा हात उचलून आपल्या छातीशी नेला. आणि पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. पाकळ्यांतून नम्रताचा एक फोटो गिरकी घेत आला, मोठा झाला, फुटला, त्यातून दुसरा आला. हौसा पुन्हा दिसली तेव्हा ती पदरानं तोंड पुसत होती.

तीनदा मागे नेऊन पाहिलं. तीनदा पाकळ्या पडल्या.

कुणा गाढवानं टाकल्या असतील या पाकळ्या! पेणच्या त्या स्टुडिओत बसून, चहा पीत, ही बाई किती वेळ ओरडतेय म्हणून कंटाळून. नम्रताला इतका संताप आला की तो कुणावर काढावा ते तिला कळेना. स्टुडिओ कधीच बंद झाला होता. पण सीडी आणायला कोण गेलं होतं? तिनं हरेशला फोन लावला आणि किमयानंही ऐकावं म्हणून स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

“बोल गो नमे,” हरेशच्या मागे डंपर वाजत होता. “किमयाचं काय म्हनतंय?”

“दादा, हळदीच्या सीडीत आयेचा आवाज नाय. सिनेमाचं गाणं हाय वर.”

“ती लागली?”

“लागली. मशीन बिघडलं होतं, ते नीट केलं. तू तर बोललास खराब हाय म्हनून.”

“अगो, आता एवढ्या वर्षांनी काय ते...”

“मूळची टेप कुणाकडं असंल? जिच्यावर पहिलं शूटिंग केलं ती?”

“ती कुठली ऱ्हाते! पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे ते लोक. जाऊ दे ना.”

“धवल्यावर गाणं कुणी टाकलं, दादा?”

“मीच सांगितलं टाकायला,” हरेश एकदम चिडून म्हणाला. चोर तो चोर आणि वर शिरजोर, तसा त्याचा आवाज चढला. “मंग काय ठेवायला पायजे होतं? बाप जिता होता, नमे. उरणला का असंना, जिता होता. आन् ही बाई भर मांडवात, कुनाची लेक म्हनून इचारते, आन् सांगते काय? हौसाची लेक! एकदा नाय, तीनदा बोलली. छातीवर हात ठेवून! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझं लगीन ठरत होतं तवा. तुझ्या वहिनीच्या घरच्यांनी सीडी मागवली होती बघायला. मी काय दावनार त्यांना? बापाचं नाव नसलेलं घर? बोललो स्टुडिओवाल्याला, हिचा आवाज काढ आन् टाक एकादं चांगलं गाणं.”

हौसाची लेक. तीनदा. जे ऐकण्यासाठी बावीस वर्षं जीव टांगणीला लागला होता ते नम्रताला मिळालं होतं, आणि ते असं मिळालं होतं, डंपरच्या आवाजात, शिवी दिल्यासारखं, ज्यानं ते पुसलं त्याच्याच तोंडून. तिला आनंद झाला. खराच झाला, आणि पुढच्याच क्षणी त्याचं विष झालं. आईनं सगळ्या गावासमोर आपलं नाव पणाला लावलं आणि ते लेकीपर्यंत पोचू नये याची तजवीज लेकानं केली. आणि पेटीत गुंडाळून ती बाई काय जपत होती? मेंदी, साजण, बांगड्या.

“ऐकतेस का?” हरेशचा आवाज आता समजुतीचा झाला होता. “ते जाऊ दे. मी काय बोलतो, किमयाच्या हळदीला डीजे सांगितलाय, मामाकडून. आन् आमच्या आगरी महोत्सवात यंदा आयेचा सत्कार ठेवलाय. ‘धवलारीण हौसाबाई’, बॅनर पन छापायला टाकलाय. तू फक्त तिला खुर्चीत बसवून आन. तो फोटो पायजे, हळद लावतानाचा. त्या सीडीतनं काढता येतो का बघ, आता चित्र चांगलं येतंय तर.”

किमया उठून उभी राहिली. “मामा, तुम्हाला लाज...” तिनं सुरुवात केली, पण नम्रतानं तिचा हात दाबला. तिला स्वतःलाच बोलायचं होतं. मामाशिवाय आमचं लग्न लागेल, तू मांडवात पाय ठेवू नकोस, असं बोलायचं होतं. शब्द जिभेवर आले होते.

तेवढ्यात तिला खुर्ची कुरकुरल्याचं ऐकू आलं. आई टीव्हीकडे बघत नव्हती. ती टेबलाकडे वळली होती, फोनकडे. डावा, चालता हात तिनं लांब केला होता आणि बोटं उघडमीट करत होती, घाईनं, कुणी फोन बंद करेल की काय अशा भीतीनं. तोंडाची एक बाजू वर गेली होती. आई हसत होती. किती महिन्यांनी लेकाचा आवाज ऐकला होता तिनं! तो काय बोलला, त्यातलं तिला किती कळलं, देव जाणे. कदाचित सगळंच कळलं असेल.

नम्रतानं जिभेवरचं सगळं गिळलं आणि फोन उचलला.

“दादा, आयेशी बोल,” ती म्हणाली आणि फोन आईच्या कानाला लावून धरला.

“आये,” पलीकडून हरेश म्हणाला, आणि पुढं काय बोलावं ते न सुचून, “जेवलीस का गो?”

हौसा जोरजोरात मान हलवत होती. फोनवरच्या माणसाला ते दिसत नाही, हे तिला सांगायचं तरी कसं?